वेल्डिंग करण्यापूर्वी पोलाद नेमके किती स्वच्छ करावे?

प्रश्न

नमस्कार. एका यंत्राच्या बैठकीसाठी मी ६ मिलिमीटर जाडीच्या हॉट रोल्ड प्लेटा आणि अँगल जोडतो आहे. आतापर्यंत माझे बहुतेक काम ६०१३ च्या, म्हणजे वरून लेप असलेल्या, हाताने चालवायच्या रॉडने झाले. गेल्या काही महिन्यांपासून मिग मशीनवर (त्यात बंदुकीतून तार आपोआप पुढे सरकते आणि वेल्डभोवती गॅस सोडला जातो) ईआर७०एस-६ ही तार आणि कार्बन डायऑक्साइड वापरू लागलो आहे. रॉडने काम करत असताना मी गंजावरून वायर ब्रश फिरवत असे आणि तेवढ्यावर भागत असे. मिगवर मात्र तेवढ्यावर भागताना दिसत नाही. टी आकाराच्या सांध्यात पहिल्या बाजूचा वेल्ड चांगला येतो, पण तोच सांधा पलटून दुसऱ्या बाजूने वेल्ड मारला की मधूनमधून टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे उमटतात. त्यांतल्या एका छिद्रात बारीक तार घालून पाहिली, तर ती थेट मुळापर्यंत गेली.

गॅसचा प्रवाह तपासला, नोझल साफ केले, वारा अडवला. फरक पडला नाही. मग ग्राइंडरला कप ब्रश लावून प्लेटा अक्षरशः चमकेपर्यंत घासल्या, तरी छिद्रे राहिलीच. ज्या दोघांकडून मी हे काम शिकलो, त्यांच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की सुटा गंज काढला की बाकीचे सगळे वितळलेल्या धातूबरोबर वर येते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की धातू पांढरा दिसेपर्यंत घासल्याशिवाय आर्क पेटवूच नये. वीस सांधे घासायला माझा अर्धा दिवस जातो. तो वेळ द्यायला माझी तयारी आहे, पण तो योग्य जागी लागतो आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. किती घासावे, कुठे घासावे आणि कुठे थांबावे?

पहिले उत्तर

आपण लिहिलेल्या दोन गोष्टींतच बहुधा उत्तर आहे. एक म्हणजे कप ब्रशने आलेली चमक, आणि दुसरी म्हणजे छिद्रे फक्त दुसऱ्या बाजूला येणे.

आधी चमकेबद्दल. हॉट रोल्ड पोलादावर जी निळसर-करडी, गुळगुळीत खपली असते, तिला आपण मिल स्केल म्हणतो. लाल तापलेली प्लेट रोलमधून जात असताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे ती तयार होते आणि तिच्यात लोखंडाच्या तीन निरनिराळ्या ऑक्साइडांचे थर एकावर एक बसलेले असतात. ही खपली कठीण असते. फिरणारा वायर ब्रश तिच्यावरचा लाल गंज उडवतो, पण घट्ट चिकटलेली खपली काढत नाही. उलट तिला घासून झिलई आणतो. त्यामुळे प्लेट चमकते आणि धातू उघडा पडला असे वाटते, प्रत्यक्षात मात्र आपण ऑक्साइडलाच पॉलिश केलेले असते. खात्री करून घ्यायची असेल, तर ब्रशने चमकवलेल्या प्लेटच्या कोपऱ्यावर फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची ग्राइंडरची चकती) दोन-तीन वेळा फिरवा आणि प्लेट खिडकीकडे तिरपी धरून पाहा. ब्रशचा भाग शिशाच्या पेन्सिलीसारखा काळपट-निळा चमकेल आणि डिस्कचा भाग फिकट, पांढरट, बारीक ओरखड्यांचा दिसेल. दोहोंमधली रेषा एकदा पाहिली की पुन्हा फसायला होत नाही. ग्राइंडर हाताशी नसेल, तर कानस एकदा दाबून ओढली तरी तोच फरक दिसतो.

आता दुसऱ्या बाजूबद्दल. टी सांध्यात उभ्या प्लेटची खालची कड आडव्या प्लेटवर टेकलेली असते. त्या दोहोंच्या मधोमध जी अरुंद पट्टी दडते, तिथे मिल स्केल, गंज, कापताना सांडलेले तेल, कधी खुणेचा रंग आणि थोडी ओल अडकून राहते. पहिल्या बाजूचा वेल्ड मारताना तापलेला वायू मागच्या उघड्या फटीतून निघून जातो, म्हणून तो वेल्ड चांगला येतो. दुसऱ्या बाजूला मात्र ती फट पहिल्या वेल्डने कायमची बंद झालेली असते. वायूला बाहेर पडण्यासाठी एकच वाट उरते आणि ती वितळलेल्या धातूतून जाते. आपली तार छिद्रातून मुळापर्यंत गेली, कारण वायू तिथूनच वर आला होता.

म्हणून जिथे वेल्ड दिसणार आहे तेवढेच घासून पुरत नाही. उभ्या प्लेटची खालची कड आणि ती जिथे टेकणार आहे ती आडव्या प्लेटवरची पट्टी, या दोन्ही जागा जोडणीच्या आधी, म्हणजे टॅक (प्लेटा जागच्या जागी धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारण्यापूर्वी, घासून घ्याव्या लागतात. टॅक मारल्यावर तिथे कोणतेही हत्यार पोचत नाही. एकमेकींवर चढवलेल्या प्लेटांनाही हेच लागू आहे.

आणखी एक क्रम सांगतो, कारण तो उलटा झाला की मेहनत वाया जाते. तेल आधी पुसावे आणि मग घासावे. तेलकट प्लेटवर डिस्क चालवली, तर डिस्कही तेलकट होते आणि ते तेल ती नव्या ओरखड्यांमध्ये भरत जाते. शिवाय तीच डिस्क पुढच्या स्वच्छ प्लेटवर फिरली, की तिथेही तेल लागते. स्वच्छ चिंधीवर अॅसिटोन घेऊन एकाच दिशेने पुसावे, चिंधीची बाजू बदलत राहावी आणि अॅसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय ग्राइंडर किंवा आर्क सुरू करू नये, कारण ते क्षणात पेट घेते. बाटली आणि भिजलेल्या चिंध्याही ठिणग्यांपासून दूर हलवाव्यात.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ६०१३ च्या रॉडने भागत होते आणि मिगवर भागत नाही, याचे कारण स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण आपल्या दोन्ही गुरूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. एकाच्या डोळ्यांसमोर रॉड असेल, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर टिग, म्हणजे टंग्स्टनच्या टोकाने आर्क पेटवून फिलर तार हाताने घालण्याची पद्धत.

रॉडवरच्या लेपात ऑक्सिजन ओढून घेणारे घटक असतात आणि त्याचा स्लॅग, म्हणजे लेप वितळून होणारी मळी, वितळलेल्या धातूवर पसरून बरीच घाण स्वतःत सामावून घेतो. सेल्युलोजचा लेप असलेले ६०१० आणि ६०११ हे रॉड तर आर्कच्या जोराने खोल खणत जातात, म्हणून जुन्या, गंजलेल्या पोलादाच्या दुरुस्तीत त्यांच्यावर भिस्त ठेवतात. ६०१३ ची आर्क त्यांच्यापेक्षा मवाळ असते. ते मध्यम घाण सोसते, पण जाड खपलीखाली ते नीट शिरत नाही.

मिगमध्ये स्लॅगचे पांघरूण नसते. ऑक्सिजनचा बंदोबस्त तारेतल्या सिलिकॉन आणि मँगनीजलाच करावा लागतो. आपल्या ईआर७०एस-६ तारेत मँगनीज १.४० ते १.८५ टक्के आणि सिलिकॉन ०.८० ते १.१५ टक्के असते. ईआर७०एस-३ मध्ये हीच प्रमाणे ०.९० ते १.४० आणि ०.४५ ते ०.७५ अशी कमी आहेत. म्हणजे थोडी खपली सोसण्याच्या दृष्टीने आपली तार योग्य आहे. वेल्डवर जे तपकिरी, काचेसारखे तुकडे दिसतात ते या घटकांनी ऑक्सिजन पकडल्याचेच चिन्ह आहे. खपलीवर वेल्ड केल्यास हे तुकडे वाढतात, आणि त्यांच्यावर दुसरा पास (वेल्डचा पुढचा थर) मारायचा किंवा रंग लावायचा असेल, तर ते आधी ठोकून काढावे लागतात. पण तारेची ही क्षमता मर्यादित आहे. खपलीतला ऑक्सिजन तिच्यापेक्षा जास्त झाला, की तो पोलादातल्या कार्बनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड बनवतो आणि धातू थिजत असताना त्याचे बुडबुडे आत अडकतात. तेल, ओल आणि रंग यांच्यावर तर या घटकांचा काहीच इलाज चालत नाही.

मिगमध्ये छिद्रांपेक्षाही मोठा धोका मला वाटतो तो न जुळलेल्या कडेचा. मिल स्केलमधले मॅग्नेटाइट सुमारे १६०० अंश सेल्सिअसला वितळते, तर साधे पोलाद १५०० च्या आसपास. करंट कमी असेल, तर धातू खपलीवर पसरतो, वरून सुबक दिसतो, पण खालच्या प्लेटशी एकजीव होत नाही. छिद्र निदान डोळ्यांना दिसते, न जुळलेली कड मात्र दिसत नाही. म्हणून जिथे भार येणार आहे अशा मिगच्या सांध्यात मी खपली पूर्ण काढतो आणि त्याबद्दल तडजोड करत नाही.

टिगमध्ये प्रश्नच उरत नाही. तिथे ना लेप ना स्लॅग. सांध्याच्या दोन्ही कडा, प्लेटची मागची बाजू आणि हातातली फिलर तारसुद्धा पुसून घ्यावी लागते. खपली राहिली तर वितळलेला धातू उसळतो आणि टंग्स्टनचे टोक खराब होते.

७०१८ बद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे स्वच्छतेचा अर्थच बदलतो. हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे. जाड किंवा अधिक कार्बन असलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला, वेल्डशेजारचा भाग कठीण झाला आणि सांध्यात ताण असला, की वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, तडा जातो. असा एक तडा मी स्वतः पाहिला आहे. २५ मिलिमीटर जाडीचा, मध्यम कार्बनचा एक ब्रॅकेट मी ७०१८ ने जोडला होता. रॉड निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे भाजून गरम पेटीत ठेवलेले होते, पण ब्रॅकेट रात्रभर उघड्यावर होता आणि त्याच्या खाचेतला लालसर गंज मी फक्त ब्रशने झटकला होता. वेल्ड संध्याकाळी निर्दोष दिसत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या कडेला समांतर, केसासारखी बारीक रेषा दिसली, आणि ती ग्राइंडरने खोदत गेलो तेव्हा ती मूळ प्लेटमध्ये उतरलेली निघाली. गंज म्हणजे नुसते लोखंडाचे ऑक्साइड नव्हे; त्यात पाणीही बांधलेले असते आणि आर्कमध्ये त्या पाण्यातूनच हायड्रोजन सुटतो. रॉड कोरडा ठेवून प्लेट ओली ठेवली, तर कमी हायड्रोजनच्या रॉडला काही अर्थ राहत नाही. तेव्हापासून अशा पोलादाचा गंज मी मुळापासून काढतो आणि प्लेट पूर्वतापन करूनच जोडतो.

पूर्वतापन करताना थंड प्लेटवर गॅसची ज्योत धरली की पृष्ठभाग क्षणभर ओला दिसतो. ते पाणी पोलादातून बाहेर येत नसते. ज्योतीत जळणाऱ्या वायूपासून तयार झालेली वाफ थंड धातूवर जमते, इतकेच. प्लेट आणखी तापली की ते उडून जाते. म्हणून ओल दिसेनाशी झाल्यावरही ज्योत काही वेळ फिरवत राहावी, घाईने आर्क पेटवू नये.

तिसरे उत्तर

सफाईच्या पद्धतीने माणसाच्या जिवालाच धोका होऊ नये, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली गोष्ट ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याची. तेल काढण्यासाठी अनेक जण तो वापरतात. त्याच्या काही प्रकारांत टेट्राक्लोरोएथिलिनसारखे क्लोरीनयुक्त द्रव असतात. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यांचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे विषारी वायू तयार होऊ शकतात. फॉस्जीनची बाधा लगेच जाणवत नाही. श्वास लागणे आणि फुप्फुसांत पाणी होणे काही तासांनी सुरू होते. डब्यावरच्या घटकांत क्लोरो हा शब्द दिसला, तर तो द्रव वेल्डिंगच्या जागेत आणूच नये. वाळू दिला म्हणून तो सुरक्षित होतो असेही समजू नये, कारण तो फटीत साचून राहतो.

दुसरी गोष्ट गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पोलादाची. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते. ती वाफ वेल्डमध्ये छिद्रे पाडते आणि हवेत तिचा पांढरा धूर होतो. तो धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण तो सोसण्याचे काहीच कारण नाही. वेल्डच्या दोन्ही बाजूंना २५ ते ५० मिलिमीटर पट्टीवरचा जस्ताचा थर घासून काढावा. ज्या बाजूने वेल्ड करणार नाही त्या मागच्या बाजूचाही काढावा, कारण उष्णता तिथवर पोचते. घासतानाही मुखपट्टी लावावी आणि धूर ओढून घेण्याची सोय ठेवावी. जुना रंग असेल, तर त्यात शिसे असू शकते हे गृहीत धरूनच वागावे. आणि ज्या पिंपात किंवा टाकीत कधी इंधन होते, ती कितीही धुतलेली दिसली, तरी तिच्यावर नुसत्या सफाईच्या भरवशावर आर्क पेटवू नये.

चौथे उत्तर

किती घासावे हे सर्वांनी सांगितले. कुठे थांबावे, हा प्रश्न उरला आहे आणि तोही तितकाच खरा आहे, कारण प्रत्येक प्लेट टोकापासून टोकापर्यंत पांढरी करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ या संरचनात्मक पोलादाच्या संहितेने फार काळ जी भूमिका घेतली ती मला समंजस वाटते. सुटी किंवा जाड खपली, स्लॅग, गंज, ओल आणि तेल असता कामा नये; पण जोरात वायर ब्रश मारूनही जी मिल स्केल जागची हलत नाही, ती राहिली तरी चालते. त्याला अपवाद होता तो पुन्हापुन्हा बदलणारा भार घेणाऱ्या गर्डरचा; तिथे फ्लँज (गर्डरच्या वरखालच्या आडव्या पट्ट्या) आणि वेब (मधली उभी प्लेट) यांच्या सांध्याखालची खपली पूर्ण काढावी लागते. म्हणजे संहितेनेही सफाईची पातळी सांध्यावरच्या भाराकडे पाहून ठरवली आहे. आपल्या यंत्राची बैठक जर सतत थरथरणार असेल, तर मी तिचे मुख्य सांधे त्या अपवादात धरीन. नुसते झाकण किंवा पत्र्याचा आडोसा असेल, तर ब्रशवर थांबेन.

माझी पद्धत अशी आहे. वेल्ड जिथे संपतो तिथून पुढे साधारण २५ मिलिमीटरपर्यंत घासतो, त्यापलीकडे हात लावत नाही. खपलीला ६० ग्रिटची फ्लॅप डिस्क पुरते. जाड ग्राइंडिंग डिस्क लवकर काम करते, पण ती कडेला दाबली की खड्डा पडतो, आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपात तसा खड्डा म्हणजे भिंतीचा मोठा हिस्सा गेला असे समजावे. कापायची पातळ डिस्क आडवी धरून कधीच घासू नये, ती फुटते.

गॅसने कापलेल्या कडेवरचा काळा थर आणि ऑक्सिजन वापरून लेसरने कापलेल्या कडेवरची राखाडी त्वचा हीसुद्धा खपलीच असते, ती काढावी. हवेच्या प्लाझ्माने कापलेली कड मात्र फसवते. ती बरीच स्वच्छ दिसते, पण तिच्या वरच्या थरात नायट्रोजन मुरलेला असतो आणि तो वेल्डमध्ये छिद्रे पाडतो. आपल्या उभ्या प्लेटा जर प्लाझ्माने कापलेल्या असतील, तर त्यांची कड हलक्या हाताने नव्हे, तर नीट धातू निघेपर्यंत घासा. अर्थिंगचा क्लॅम्प जिथे लावता, ती जागाही घासायला विसरू नका. खपलीवर बसवलेला क्लॅम्प तापतो आणि आर्क अडखळते, आणि मग आपण दोष उगाच तारेत शोधत बसतो.

यापेक्षा जास्त विश्वासाचे उत्तर आपल्याला आपल्याच प्लेटांमधून मिळेल. १०० मिलिमीटर लांबीचे तीन टी सांधे करा. एकाला फक्त ब्रश, दुसऱ्याला बाहेरून डिस्क, तिसऱ्याला बाहेरून आणि टेकणाऱ्या कडेलाही डिस्क. तिन्ही दोन्ही बाजूंनी जोडा. मग पहिल्या बाजूचा वेल्ड कटिंग डिस्कने कापून काढा आणि त्याच मोकळ्या बाजूने उभ्या प्लेटवर घण मारून तिला दुसऱ्या वेल्डवर आडवी पाडा. मूळ उघडेल आणि आत काय आहे ते दिसेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही सांधे काल तोडले. प्लेटा हवेच्या प्लाझ्मानेच कापलेल्या होत्या, हेही सांगून ठेवतो.

फक्त ब्रश मारलेल्या सांध्यात मुळापासून वर येणाऱ्या नळ्यांची रांगच होती, जणू वेल्डमध्ये गव्हाच्या काड्या उभ्या रोवल्या होत्या. त्याहून वाईट वाटले ते आडव्या प्लेटकडच्या बाजूला. तिथे सुमारे ३० मिलिमीटर लांबीची गुळगुळीत निळी पट्टी होती. धातू तिच्यावर नुसता टेकला होता आणि सोलल्यासारखा निघून आला. हाच वेल्ड वरून तिघांत सर्वांत सुबक दिसत होता. बाहेरून डिस्क मारलेल्या सांध्यात निळी पट्टी नव्हती, पण नळ्या जवळजवळ तेवढ्याच होत्या. तिसऱ्या सांध्यात कड आणि खालची पट्टी दोन्ही घासली होती; तो मोडायलाच सात-आठ घाव लागले आणि मोडल्यावर पूर्ण लांबीभर करडा, दाणेदार धातू दिसला. फक्त एका टोकाला पहिल्या १० मिलिमीटरमध्ये तीन बारीक छिद्रे होती. ती कशाची असावीत?

चौथे उत्तर देणारे

त्या टोकाला टॅक होता का? असल्यास तो कसा मारला होता, ते आठवून पाहा. घाईत, नोझल लांब धरून मारलेल्या टॅकमध्येच बहुधा छिद्रे असतात आणि वरून गेलेला वेल्ड तो टॅक पूर्ण वितळवत नाही. टॅकलाही वेल्डइतकीच स्वच्छ जागा द्या, आणि त्यात छिद्र दिसले तर तो घासून काढून पुन्हा मारा.

प्रश्नकर्ता

होय, टॅक तिथेच होता, आणि तो कड घासण्याच्या आधी मारलेला होता. उरलेल्या सतरा सांध्यांचे टॅक आज सकाळी कापून प्लेटा पुन्हा सुट्या केल्या आहेत.